लाखाच्या खाली

गणपती जाऊन आठवडा झालेला असतो, नवरात्र अजून यायचं असतं. मधल्या त्या दिवसांत सोलापूर दुपारभर तापतं आणि संध्याकाळी घामेजून बसतं. आभाळ भरून येतं आणि न बरसता निघून जातं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार म्हणून घराघरात पिंपं भरलेली, बादल्या भरलेल्या, मोरीतलं पातेलंसुद्धा भरलेलं. त्या साठवलेल्या पाण्यावर डास. मग एखाद्या संध्याकाळी गल्लीत धुराची गाडी येते. पोरं तिच्यामागे धुरात पळतात, बाया दारं लावून घेतात. धूर विरला तरी त्याचा उग्र वास रात्रीच्या जेवणापर्यंत घरात राहतो.

लोक त्या दिवसांना पावसाळ्याचा शेवट म्हणतात. आम्ही लॅबवाले नुसतं 'सीझन' म्हणतो. साडीवाल्यांची लग्नसराई असते तसा आमचा हा डेंगीचा सीझन. काल आमच्या गल्लीत यंदाची पहिली गाडी येऊन गेली. मी खिडकी लावून घेतली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

त्या वर्षी मी नवी पेठेच्या मागच्या बोळातल्या एका लॅबमध्ये कामाला होते. खाली कापडाचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या. लॅब एका डॉक्टरीणबाईंची. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. रक्त काढायला आणि तपासायला आम्ही तिघं: मी, महादेवी आणि सचिन. सचिन माढ्याचा, आमच्यात लहान, हसरा आणि थोडा आळशी. महादेवी अक्कलकोटच्या पलीकडची, घरी कानडी बोलणारी. तिशी ओलांडली तरी लग्न केलेलं नव्हतं आणि त्यावर कुणी बोललं तर ती सरळ त्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहायची, तो गप्प बसेपर्यंत. गावाकडे तिची अव्वा, म्हणजे आई, आणि भाऊ. इथे तिची एक भाड्याची खोली होती आणि खोलीपेक्षा जास्त वेळ ती लॅबमध्येच असायची. सुईला घाबरणारे म्हातारे तिच्याकडे यायचे. ती त्यांना गावाचं नाव विचारायची, मग कानडीत काहीतरी बोलायची आणि म्हातारा उत्तर देत असतानाच सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. "झालं की आजोबा," ती म्हणायची, "आता सांगा उरलेलं."

डेंगीत रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. धडधाकट माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात, त्या लाखाच्या खाली गेल्या की घरचे घाबरतात. त्या दिवसांत अख्ख्या शहराच्या तोंडी हाच एक आकडा असतो. चहाच्या गाड्यावर लोक एकमेकांना प्लेटलेट विचारतात. हातगाड्यांवर किवीचे भाव चढतात. पपईच्या झाडांवर पानं राहत नाहीत, लोक ती तोडून रस काढतात आणि आजाऱ्याचं नाक दाबून पाजतात.

आमच्याकडे भांडण सुरू झालं ते सचिनवरून. गणपतीत त्याने ताप आहे म्हणून दोन दिवस रजा घेतली. त्याच्या दोन्ही दिवसांच्या कामाच्या पाळ्या महादेवीने ओढल्या. दुसऱ्या दिवशी रात्री त्याच्याच मित्राच्या मोबाइलवरच्या स्टेटसला व्हिडिओ आला. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम चाललेली आणि पहिल्या ओळीत घामाने निथळत सचिन. महादेवीने तो व्हिडिओ त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, "सकाळी ताप होता की ताई. दुपारून उतरला."

ती म्हणाली, "मग दुपारून यायचं हितं."

दोघं बोलेनासे झाले. मग आम्हीच, तिघंही, मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, आजारपणाच्या रजेचा काहीतरी एक नियम करा. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही हकिगत ऐकणारा प्रत्येक जण आधी मॅडमना बोल लावतो. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "कुणाच्या तोंडाकडे बघून रजा द्यायची मला नको. मग मी एकीवर जास्त माया करते असं होईल. आपल्याकडे मशीन आहे. ते कुणाचं नातेवाईक नाही."

नियम ठरला. सीझनमध्ये ताप आला तर सकाळी लॅबला येऊन रक्त द्यायचं. प्लेटलेट लाखाच्या खाली असतील तर त्या क्षणी घरी जायचं, कुणी एक शब्द बोलणार नाही. लाखाच्या वर असतील तर गोळी घेऊन पाळी करायची. आणि रजेवर गेलेल्याची पाळी जो ओढेल त्याला ती पाळी नंतर परत मिळायची, सकाळची सकाळी, संध्याकाळची संध्याकाळी. आम्हाला तो नियम आवडला. सचिनलासुद्धा. बाहेर पडताना महादेवी मला म्हणाली, "बरं झालं. आता कुणाची तोंडं बघायला नको."

पहिली मी पडले.

डेंगीचा ताप ज्याला येऊन गेला आहे त्यालाच ते दुखणं कळेल. डोळ्यांच्या मागे कुणीतरी अंगठे रोवून बसलेलं असतं. पाठ, गुडघे, बोटांची पेरं वेगवेगळी दुखतात. मी रिक्षाने लॅबला आले. महादेवीने माझ्या दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाची नळी अलगद खालीवर केली आणि मशीनला लावली. मशीन गुरगुरलं. कागद बाहेर आला. ती कागदाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "एक लाख सहा."

लाखावर सहा हजार.

"परत लावून बघ," मी म्हटलं. मशीनमध्ये थोडं इकडेतिकडे होतं हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. तेच रक्त दुसऱ्यांदा लावलं तर आकडा जरा वर किंवा जरा खाली येतो.

तिने नळी हातात घेतली आणि थांबली. "सचिनचं परत लावलं असतं का आपण?" ती म्हणाली. आवाज कडक नव्हता. तिला खरंच ते मला विचारायचं होतं. तिने एक गोळी आणि पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला, आणि मी ॲप्रन चढवला.

तो दिवस अजून माझ्या अंगात आहे. रांग जिन्यावरून खाली कापडाच्या दुकानापर्यंत गेलेली. एकेक जण खुर्चीत बसायचा, हात पुढे करायचा. कुणाबरोबर बायको, कुणाबरोबर आई, कुणाच्या डोक्यावर ओला रुमाल. एका माणसाला धरून त्याचे दोन भाऊ घेऊन आले होते. त्याच्या प्लेटलेट एक लाख चाळीस निघाल्या आणि भाऊ मला विचारू लागले की ॲडमिट करायला लागेल का. मी म्हटलं, घाबरू नका, घरी झोपवून ठेवा, पाणी पाजा, जिने चढउतार करू देऊ नका. त्याच्यापेक्षा माझ्या कमी होत्या. मी भिंतीला पाठ टेकून उभी होते, कारण बसले असते तर उठता आलं नसतं.

दुपारकडे एक लहान मुलगी आली. तिची शीर माझ्या हाताला लागेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. तिसऱ्या वेळी तिच्या बापाने माझा हात मनगटाला धरून बाजूला फेकला. "शिकायला बसलीस काय आमच्या पोरीवर?" तो म्हणाला. रांगेतले सगळे बघत होते. महादेवी आतून आली, मुलीजवळ बसली आणि रक्त घेतलं. डोक्यावरचे पंखे चालू होते आणि मला थंडी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी माझा आकडा अठ्ठ्याऐंशी हजार आला. मला आठवतंय, मी हसले होते. माझं रक्त पातळ होत चाललं होतं आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला होता. "जा आता," महादेवी म्हणाली. "झोप जा निवांत." तिचा आवाजही हलका झाला होता. नियमाने मला सोडलं होतं, आता तिला मला सोडता येत होतं.

मी दहा-बारा दिवस घरी होते. माझ्या सगळ्या पाळ्या तिने केल्या. सकाळी दार उघडायलाही तीच आणि रात्री कुलूप लावायलाही तीच. एकदा ती रात्री कामावरून सुटून आमच्या घरी आली, माझ्या आईला म्हणाली, "मावशी, हिला पपईचं पाणी पाजू नका, उलट्या करंल. भाताची पेज द्या." पाच मिनिटं बसली आणि बसल्या जागी झोपली. आईने तिला उठवलं नाही. मी पलंगावरून तिच्याकडे बघत पडले होते. तिच्या पायांना सूज आली होती.

आता मी दुसरीकडे असते. एका छोट्या दवाखान्याच्या लॅबचं काम माझ्याकडे आहे, हाताखाली चार मुली आहेत. सीझनमध्ये एखादीचा फोन येतो, "ताई, ताप आहे." मी म्हणते, येऊ नको. किती आहे, कधीपासून आहे, काही विचारत नाही. त्यावरून मुली माझ्यावर नाराज असतात. गेल्या वर्षी त्यांच्यातली एक मला तोंडावर म्हणाली, "तुम्ही कुणालाही सोडता ताई. खऱ्या आजाऱ्यालाही आणि नाटक करणाऱ्यालाही. मग आम्ही जे येतो त्यांच्यावर हा अन्याय नाही का?" मी म्हटलं, आहे. तिला वाटलं मी पुढे काही बोलेन. मी तिच्या वाटणीच्या नळ्या माझ्याकडे ओढल्या आणि कामाला लागले. एखादी खोटं बोलून घरी झोपलेली असते हे मला कळतं. तिचं खोटं बोलणं मला परवडतं.

त्या वर्षी मी परत कामावर आले तेव्हा अंगात जीव नव्हता. चालताना भिंत धरावी लागायची. तरी महादेवीच्या पाळ्या मला परत करायच्या होत्या, म्हणून मी माझी सकाळ करून तिची संध्याकाळ ओढू लागले. अशा दोन-तीन संध्याकाळी झाल्या असतील. मग एका सकाळी ती आली ती तापाने लाल झालेले डोळे घेऊनच. काही न सांगता खुर्चीत बसली आणि बाही वर केली.

तिची शीर घ्यायची पाळी माझी होती. एक लाख तीस. ती उठली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी एक लाख पंधरा. तिसऱ्या दिवशीही लाखाच्या वरच. रोज ती गोळी घ्यायची, पाळी करायची, संध्याकाळ तेवढी माझ्यावर सोडून खोलीवर जायची. चौथ्या सकाळी तिचा ताप उतरला. "उतरला बघ," ती म्हणाली. सचिन म्हणाला, "सुटलात ताई." मी तिच्या दंडाला पट्टा बांधताना तिचा हात धरला, तो गार होता. कपाळाला हात लावला, तेही गार आणि चिकट. पोटात दुखतंय, असं म्हणाली. आकडा आला एक लाख दोन.

मी तो कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्या रिपोर्टांवर सह्या करत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, महादेवीला घरी सोडा. तिची आजची सकाळ मी करते. नाहीतरी तिच्या पाळ्या माझ्याकडे बाकी आहेतच."

"ताप किती?"

"ताप उतरलाय. पण हात गार पडलेत तिचे."

"ताप उतरला म्हणजे बरंच की. प्लेटलेट?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा अजून माझ्यासमोर आहे. त्यात राग नव्हता, उलट माझ्याविषयी काळजी होती. "उज्ज्वला," त्या म्हणाल्या, "तू एक लाख सहावर असताना आपण तुला दिवसभर उभं केलं. केलं ना? आज हिला सोडलं तर तो तुझ्यावर अन्याय होईल. तू आत्ताच आजारातून उठलीयस, तिच्या संध्याकाळी ओढतेसच, त्यावर दोघींची सकाळ मी तुला एकटीला करू देणार नाही. एकीला एक आणि दुसरीला दुसरं, असं मी इथे चालू दिलं तर उद्या तुम्हीच माझ्याकडे भांडत याल."

"मी नाही भांडणार, मॅडम."

"सचिन भांडेल."

सचिन दारात उभा होता. तो म्हणाला, "मी काय म्हणत न्हाय मॅडम. पण उज्ज्वलाताईला त्या दिवशी बसू दिलं नव्हतं, एवढंच." त्याला वाटलं तो माझी बाजू घेतोय.

मी बाहेर आले. महादेवी पहिल्या रुग्णाला पट्टा बांधत होती. तिने ऐकलं असावं, कारण मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "राहू दे गं. तुला मी सोडलं नव्हतं. लाख म्हणजे लाख."

"मरू दे तो लाख. ऊठ तू."

"आज करते की. उद्या खाली जाईल आपोआप," ती म्हणाली आणि समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "कुठल्या गावचे, आजोबा?"

त्या माणसाचं उत्तर मला आठवत नाही. दुपारच्या आधी ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दार ढकललं. ती फरशीवर बसली होती, भिंतीला डोकं लावून, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. सचिन आणि मी तिला जिन्यावरून खाली आणलं. रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. एक बाई मला म्हणाली, "अहो, आमचा नंबर कोण घेणार आता?" रिक्षात महादेवीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती कानडीत काहीतरी म्हणत होती. मला कानडी येत नाही.

दवाखान्यात तिचं ब्लडप्रेशर लागेना. तिथे परत रक्त काढलं तेव्हा प्लेटलेट पंधरा हजारांवर आल्या होत्या. सकाळी एक लाख दोन होत्या असं मी सांगितलं. तिथल्या डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आकडा पडायला वेळ लागत नाही. हात गार पडले तेव्हाच आणायचं." हे मला माहीत होतं. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आम्ही ते रुग्णांना सांगायचोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

मॅडम खूप रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी महादेवीच्या भावाला हात धरून सांगितलं, "रोज तपासत होतो हो आम्ही तिला. एकही दिवस चुकवला नाही." भाऊ मान हलवत होता. त्याला वाटत होतं, बहिणीची इतकी काळजी कोण घेतं.

अंत्यविधी गावी होता. जायचं मला होतं आणि सचिनलाही. पण सीझन चालू, रांग जिन्यावर, लॅब बंद ठेवता येत नव्हती. एकानेच जायचं, असं मॅडम म्हणाल्या. कोण जाणार ते त्यांनी ठरवलं नाही. ठरवलं असतं तर दुसऱ्याला वाईट वाटलं असतं. दोन चिठ्ठ्या केल्या, रुग्णांच्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. सचिनची निघाली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमी जावा." मॅडम म्हणाल्या, "नको, चिठ्ठी निघाली ती निघाली. नाहीतर चिठ्ठी टाकलीच कशाला?"

सचिन गेला. मी दिवसभर रक्त काढत राहिले. संध्याकाळी फळ्यावर नवीन पाळ्या लागल्या. महादेवीच्या पाळ्या आम्हा दोघांत अगदी सारख्या वाटून दिल्या होत्या. तिला मी परत करायच्या राहिलेल्या संध्याकाळीही त्यात मिसळून गेल्या. आता त्या कुणाला परत करायच्या नव्हत्या.

आठवड्याभराने एका सकाळी मला सुट्टी मिळाली. मी एसटीने तिच्या गावी गेले. बाजरी काढणीला आली होती, रस्त्याच्या कडेला तुरी पिवळ्या व्हायला लागल्या होत्या. घरासमोर तिचा भाऊ बसला होता. त्याने मला ओळखलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तिचं रगत तुमीच काढत व्हता नव्हं?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग कळलं कसं न्हाय?" त्याने हे रागाने विचारलं नाही. त्याला खरंच कळायचं होतं. मी सांगू लागले, लाख, मशीन, नियम. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी नियम बरोबर व्हता."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

मग तिची अव्वा बाहेर आली. तिला मराठी येत नव्हतं. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली, माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. मग माझ्या गालाला, मानेला, कपाळाला हात लावून बघितला आणि काहीतरी म्हणाली. मी भावाकडे बघितलं.

"अव्वा म्हणती, तुमी बी लई वाळलाय. अंगात कसर हाय अजून. दोन दिस हितंच ऱ्हावा, कामाला जाऊ नगा."

"संध्याकाळची पाळी आहे माझी," मी म्हटलं.

त्याने ते तिला कानडीत सांगितलं. तिने पुन्हा काहीतरी विचारलं.

"काय म्हणाल्या?"

"इचारती, तुमच्या जागी उभं ऱ्हायला तितं दुसरं कुणी न्हाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती त्याला कानडीत सांगावी लागली नाही. तिने माझे हात सोडले आणि आत निघून गेली.